रेंज, वाडी आणि दर्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोबाइलमुळे कोकणातले रोजचे जगणे आणि काम कसे बदलले, याविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. प्रस्तुत लेखकाची बरीचशी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात टेलिफोनच्या तारा ओढण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे काही उत्तरांत जुन्या आठवणी आल्या आहेत आणि काही ठिकाणी मतही स्पष्टपणे मांडले आहे.

प्रश्न : आमची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, पायथ्याला व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी आहे. सड्यावर गेले की फोनवर रेंजच्या चार काड्या दिसतात, खळ्यात (अंगणात) एखादी दिसते आणि माजघरात काहीच नाही. पावसाळ्यात खळ्यातलीही जाते. बाजारात एक दुकानदार रेंज वाढवणारे यंत्र देतो म्हणतो. ते घ्यावे का? आणि तक्रार करायची तर कोणाकडे? (राजापूर तालुका)

यंत्राचे आधी सांगतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकतील. परवान्याशिवाय असा बूस्टर विकणे, विकत घेणे आणि वापरणे बेकायदेशीर आहे. शिवाय असले स्वस्त यंत्र टॉवरच्या दिशेने गोंगाट फेकते आणि आसपासच्या वाड्यांची होती ती रेंजही बिघडवते. ते घेऊ नये.

आता कारण पाहू. मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या वारंवारितेच्या असतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटीमीटर असते, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे १३ सेंटीमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेला थोडासा वळसा घालून मागच्या घळीत उतरू शकते आणि भिंतीतूनही बरी पार होते. आखूड लहर जास्त माहिती वाहून नेते, पण तिला समोरासमोरची वाट लागते. म्हणून तुमच्याकडे कधी कधी फोनवर बोलणे होते, पण मुलाचा व्हिडिओ मात्र फिरत राहतो. त्यात आपली घरे जांभ्या चिऱ्याची, भिंती हातभर जाडीच्या, आणि पावसाने भिजलेला चिरा लहरींना कोरड्या चिऱ्यापेक्षा अधिक अडवतो. कौले काढून पत्रे घातलेल्या घरात अडचण आणखी वाढते, कारण धातूचा पत्रा लहर परतवून लावतो. पावसाळ्यात वाडीभोवतीची झाडी दाट होते, पाने ओली असतात आणि त्यांच्यातून येताना लहरीची ताकद घटते. शिवाय अनेक टॉवर पुढच्या टॉवरशी केबलने नव्हे, तर सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जोडलेले असतात. मुसळधार पावसात तो दुवाच क्षीण झाला, तर टॉवरखाली उभे राहूनही इंटरनेट मिळत नाही.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय वाय-फाय कॉलिंगचा आहे. तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत किंवा जवळच्या रस्त्यापर्यंत फायबर आली असेल, तर तेथून घरात जोडणी घ्यावी आणि फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करावे. मग नेहमीच्या नंबरवरूनच फोन येतो आणि जातो, टॉवरची गरज लागत नाही. ही सोय आपल्या फोनमध्ये व आपल्या कंपनीकडे आहे का, तेवढे आधी विचारून घ्यावे.

तक्रारीची वाट ठरलेली आहे. प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. निवारण झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, व्यक्तिगत तक्रारी हाताळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यात महिने वाया जातात. दूरसंचार विभागाकडे मात्र केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलवरून दाद मागता येते. २०२४ च्या नव्या नियमांनुसार कोणती सेवा कोठे मिळते, याचे नकाशे कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक झाले आहे. तो नकाशा उघडून आपली वाडी त्यावर रंगवलेली आहे का, ते अवश्य पाहावे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने २४,६८० गावांना फोर-जी सेवा देण्याची योजना मंजूर केली. तिचा हिशेब गावांचा आहे. देशावरचे गाव एका ठिकाणी वसलेले असते. आपले गाव मात्र आठ-दहा वाड्यांचे, त्यातली एक सड्यावर, दोन खाडीला आणि एखादी घाटीच्या पलीकडे. सड्यावरच्या शाळेजवळ रेंज मिळाली की गावाला रेंज आहे असे मानले जाते आणि व्हाळाकाठची वाडी कागदावरून नाहीशी होते. म्हणून तक्रारीत गावाचे नाव लिहून थांबू नये. वाडीचे नाव, घरांची संख्या आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश द्यावेत, आणि हीच माहिती घालून ग्रामसभेचा ठराव करून तो तक्रारीला जोडावा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा त्याला वजन येते.

प्रश्न : आम्ही हर्णै बंदरात मासळी उतरवतो. आता तांडेल (नौकेचा प्रमुख) समुद्रातूनच फोन करून भाव विचारतो. मोबाइलमुळे मच्छीमाराचा खरोखर फायदा झाला आहे का, आणि खोल समुद्रात फोनवर किती भरवसा ठेवावा? (दापोली तालुका)

पहिल्या प्रश्नाला आधार देता येईल असा अभ्यास आपल्याच किनारपट्टीच्या दक्षिणेला, केरळात झाला आहे. १९९७ ते २००१ या काळात तेथील किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तारलीच्या बाजारावर तिचा काय परिणाम झाला ते मोजले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केले. फोन येण्यापूर्वी एका बंदरात मासळीला गिऱ्हाईक नसल्याने ती फेकली जाई, तर त्याच सकाळी काही मैलांवरच्या बंदरात ती कमी पडे. होडीवरून चार बंदरांचे भाव कळू लागले, तशी होडी जेथे मागणी तेथे जाऊ लागली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, खाणाऱ्याला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला आणि मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले.

कोकणात हाच लाभ तितकाच होईल असे मात्र मी म्हणणार नाही. जाळी, डिझेल आणि बर्फ यांसाठी ज्या नौकामालकाने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याला दुसऱ्या बंदरातला भाव कळूनही माल त्याच व्यापाऱ्याकडे द्यावा लागतो. त्याच्यासाठी फोन भाव सांगतो, पण भाव मिळवून देत नाही. फोनचा पुरता उपयोग व्हायचा असेल, तर मच्छीमार सहकारी संस्थेकडून वेळेवर कर्ज मिळणे हा त्याचाच भाग मानला पाहिजे. लिलावाच्या वेळी बंदरावर उभा नसलेला पुण्याचा व्यापारीही आता फोनवरून बोली लावतो, हा बदल उचल नसलेल्या लहान होडीवाल्याला नक्कीच लाभाचा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जिवाशी संबंधित आहे, म्हणून जरा सविस्तर देतो. टॉवर जमिनीवरच्या माणसांसाठी उभारलेले असतात. टू-जीच्या रचनेतच ३५ किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे होडीवरच्या फोनला बरेचदा त्याच्याही आतच टॉवर दिसेनासा होतो. किनारा क्षितिजाआड गेला की रेंज गेली असेच धरून चालावे. फोनमधले जीपीएस मात्र थेट उपग्रहांकडून संकेत घेते, त्याला रेंज लागत नाही. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि फोन जलरोधक पिशवीत बांधावा.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय नोंदींवरून मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना देते, तसेच लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाजही देते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मासळी-क्षेत्राची सूचना निघत नाही. लाटांचा अंदाज मात्र नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी लोटण्याच्या दिवशी आणि त्यानंतर दररोज पाहिलाच पाहिजे. खोल समुद्रासाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले दुतर्फा संदेशाचे ट्रान्सपाँडर आले आहेत. ते एक लाख नौकांवर बसवण्याच्या कामाचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. त्यावरून रेंज नसतानाही वादळाची सूचना होडीपर्यंत पोहोचते आणि होडीवरून संकटाचा संदेश किनाऱ्यावर येतो. आपल्या नौकेवर ते बसले नसेल, तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन पाठपुरावा करावा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केवळ तांडेलाकडे असून चालणार नाही. होडीवरच्या प्रत्येक खलाशाच्या आणि घरी थांबलेल्या माणसांच्या फोनमध्येही तो असावा. होडी वेळेवर आली नाही की पहिला फोन बहुधा घरूनच जातो.

प्रश्न : गावात टॉवर येणार म्हणताच काही मंडळींनी किरणोत्सर्गाच्या भीतीने विरोध केला आहे. भीती खरी आहे का? (गुहागर तालुका)

टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणू तोडणाऱ्या नसतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. टॉवरच्या क्षीण लहरींमुळे आरोग्याला अपाय होतो, असा खात्रीलायक पुरावा आजवर मिळालेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही शंका राहिली, तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या पोर्टलवर टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. विरोध करणाऱ्यांना सभेत आपले म्हणणे मांडू द्यावे आणि त्यांच्यादेखत मोजणी करून घ्यावी. टॉवर दूर गेला तर रेंज शोधण्यासाठी तुमच्या हातातला फोन अधिक जोराने लहरी सोडतो, हेही त्यांना सांगावे.

प्रश्न : माझे किनाऱ्यावर लहान खानावळीचे दुकान आहे. पर्यटक रोख आणतच नाहीत. सुट्टीच्या दिवसांत गर्दी झाली की फोनवर काड्या पूर्ण दिसतात, पण पैसे जमा झाल्याचे कळत नाही. मे महिन्यात दोघांनी पैसे दिल्याचे चित्र दाखवून जेवणाचे पैसे बुडवले. काय करावे? (मालवण)

फोनवरच्या काड्या टॉवरची लहर किती जोरात येते एवढेच सांगतात, त्या टॉवरवर किती माणसे आहेत ते सांगत नाहीत. टॉवरची क्षमता सर्वांत वाटली जाते. मे महिन्यात, शिमग्यात आणि विशेषतः गौरी-गणपतीला गावाची लोकसंख्या काही दिवसांत कितीतरी पट होते, टॉवर मात्र तेवढेच राहतात. यात तुमच्या फोनचा दोष नाही.

पैसे दिल्याचे चित्र हा पुरावा नव्हे. ते बनवता येते, जुने दाखवता येते. आपल्या खात्यात रक्कम आल्याचा बँकेचा संदेश किंवा पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या आवाजाच्या डब्याची (साउंडबॉक्सची) घोषणा झाल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये. त्या डब्यात स्वतंत्र सिम असते, म्हणून ते तुमच्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचे मागून घ्यावे, म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे चालू राहील. इंटरनेट मुळीच नसताना *९९# हा क्रमांक फिरवून, साध्या कॉलपुरती रेंज असली तरी, ग्राहक तुम्हाला पैसे पाठवू शकतो. हे फारच थोड्यांना माहीत आहे, म्हणून गल्ल्याजवळ तशी पाटी लावावी. आणि सुट्टे पैसे ठेवणे सोडू नये. दुकानात रोख आणि यूपीआय दोन्ही चालतात असे ठळक लिहिले, तर पुष्कळ पर्यटक येताना नोटा घेऊन येतील.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. तो पैसे देण्यासाठी लागतो. खोलीचे आगाऊ आरक्षण करतो असे सांगून समोरचा माणूस कोड स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगू लागला, तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या दोन दिवसांतच पैसे गेले.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मुलगा व सून व्हॉट्सॲपवरून पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या विकतात. वडील म्हणतात, वाशीला दलालाकडे माल पाठवणेच बरे. कोणाचे खरे? (देवगड तालुका)

दोघांचेही, आणि दोन्ही वाटा चालू ठेवाव्यात असे माझे मत आहे. पूर्वी पेटी वाशीच्या बाजारसमितीत गेली की दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) येईपर्यंत भाव कळत नसे. आता ट्रक पोहोचायच्या आत त्या दिवसाचा भाव बागेत कळतो. थेट विक्रीत भाव चांगला मिळतो, पण तिच्याबरोबर अढीची (आंबा पिकवण्याची), वाहतुकीची आणि फळात साका (आतला न पिकलेला पांढरट गर) निघाल्यास बदलून देण्याची जबाबदारीही बागायतदारावर येते. फळ एकदम तयार होऊ लागले की पाचशे घरांना फोन करून माल खपत नाही, तेव्हा बाजारसमितीच लागते.

फोनवरच्या विक्रीची मोठी अडचण विश्वासाची आहे. हापूस म्हणून भलताच आंबा विकणारेही तेच व्हॉट्सॲप वापरतात. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून तो उल्लेख पेटीवर करावा. छायाचित्र आपल्याच बागेतले आणि त्याच हंगामातले द्यावे.

आपल्या पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे. सून रात्री अकरापर्यंत ऑर्डरी लिहून घेते आणि सकाळी सहाला पेट्यांवर नावे घालते. मोबाइलने बागेचे हे नवे काम घरातल्या स्त्रीकडे आणले आहे आणि ते बहुतेक घरांत कामात मोजले जात नाही. ज्या बँक खात्यात ऑर्डरीचे पैसे येतात त्यावर तिचेही नाव असावे. वडिलांनी हे स्वतःहून करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो, आई मंडणगड तालुक्यात एकटी. रोज रात्री फोन होतो. निसर्ग चक्रीवादळात कितीतरी दिवस तिचा आवाज ऐकू आला नाही, आणि तेव्हापासून पावसात फोन लागला नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही. काय तयारी करून ठेवावी?

आपले पत्र मी दोनदा वाचले. संगमेश्वरकडच्या एका गावात आम्ही पहिला सार्वजनिक फोन बसवला, त्या दिवशी एका आजींनी मुलाच्या चाळीखालच्या दुकानात फोन लावून घेतला आणि दुकानदाराला एवढेच सांगितले, की त्याला म्हणावे, आई बरी आहे. त्या काळी आठवड्याचे पत्र आणि महिन्याची मनीऑर्डर पुरत असे, कारण त्याहून अधिक काही मिळण्याची अपेक्षाच नव्हती. आता रोज आवाज ऐकण्याची सवय झाली आहे, म्हणून एका रात्रीचे मौनही मोठे वाटते. तुमची काळजी अवाजवी नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा टॉवर मुके झाले, त्याचे मोठे कारण वीज होते. टॉवरला बॅटरी आणि जनरेटर असतात, पण बॅटरी काही तासांची असते आणि रस्त्यावर झाडे पडली की डिझेल पोहोचत नाही. म्हणजे वादळानंतरचे पहिले काही तास फोन चालू असण्याची शक्यता असते. त्याच वेळी आईने एक फोन करून खुशाली सांगावी आणि मग फोन बंद करून बॅटरी राखावी, हे तिला आताच समजावून ठेवा. त्या गर्दीत बोलणे झाले नाही तरी साधा एसएमएस जाण्याची शक्यता अधिक असते. अशा आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा घेण्याची मुभा देऊ शकते. तेव्हा फोनमध्ये नेटवर्क हाताने निवडावे लागण्याचा संभव असतो, ते शेजारच्या एखाद्या मुलाला शिकवून ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणाचा टॉवर आवाक्यात असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो.

अलीकडे वादळाचा इशारा फोनवर मोठ्या आवाजात वाजतो. ती सेल ब्रॉडकास्टची व्यवस्था आहे. टॉवर एकच संदेश आपल्या टापूतल्या सर्व फोनना एकदम देतो, त्यामुळे लाइन व्यग्र असली तरी तो अडत नाही. तो आवाज ऐकून आई घाबरेल, म्हणून तो कशाचा असतो ते तिला आधीच सांगा आणि ती सूचना मराठीत येईल अशी भाषा फोनमध्ये निवडून द्या.

मे महिन्यात गावी जाल तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेला बटणांचा साधा फोर-जी फोन आणि एक पॉवर बँक घेऊन जा. वाडीतल्या तीन घरांचे, पोलीस पाटलांचे आणि तुमचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पडवीच्या भिंतीवर चिकटवा. त्या तीन घरी स्वतः जाऊन तुमचा नंबर द्या. आणि सड्यावर जेथे रेंज हमखास मिळते, तेथे दूध घालायला रोज सकाळी कोण जातो ते विचारून घ्या. पावसाळ्यात आईची खुशाली कळवण्याचे काम त्याच्याकडे सोपवता येईल.